प्रवासात चित्रवहीही हवी

महोदय,

पर्यटनाच्या पानांवर छायाचित्रणाबद्दल भरपूर येते, जागेवर बसून चित्र काढण्याबद्दल फारच थोडे. तळहाताएवढी वही पुरते, पण जलरंगांसाठी कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड, हवा. पातळ कागद भिजला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. ऊन सरकत राहते, म्हणून सावल्यांच्या कडा आधीच पेन्सिलीने पक्क्या कराव्यात. चित्र बिघडते ते बहुधा घाईने. अर्धवट सुकलेल्या आकाशावर ओला ब्रश टेकला की पाणी रंगकण बाजूला ढकलते आणि दातेरी कडांचा डाग उमटतो. बोटांची मागची बाजू लावून कागद गार लागला, तर तो अजून ओला आहे. तेवढा वेळ समोरचे झाड निरखावे; त्याचा हिरवा ट्यूबमधल्या तयार रंगापेक्षा पिवळ्या-निळ्याच्या मिश्रणात लवकर सापडतो. या विषयावर सदर सुरू करावे, ही विनंती.

– एक वाचक