पडलेल्या माणसाला उचलायचं कसं, एवढं तरी शिकवा

माननीय मंत्रिमहोदय,
(ज्येष्ठ नागरिकांचं खातं सध्या ज्यांच्याकडे असेल ते)

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी आई वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरात पडली. वय 81. आश्रमाचं नाव लिहीत नाही; बाकीच्या म्हाताऱ्यांना तिथेच दिवस काढायचेत. कामाच्या मामांनी आणि एका मुलीने काखेत हात घालून तिला ओढली. उभी राहीना, म्हणून फरफटत खाटेपर्यंत नेली. गाऊन कमरेपर्यंत गेलेला, दारात गर्दी, अंगावर चादर टाकायचं कुणाला सुचलं नाही. वर "उठ गो म्हातारे, नाटकं पुरे!" आयुष्यभर शाळेत बाई होती ती. गावचा सरपंचही तिला अहो-जाहो करतो.

खुबा मोडला होता. पाय आखूड, बाहेर वळलेला. अशी खूण दिसली की माणसाला हलवायचं नसतं, 108 बोलवायची असते. तोवर कुठे दुखतंय विचारायचं, अंग झाकायचं, बघे हाकलायचे. मोडलेलं नसेल तर पुढ्यात खुर्ची ठेवून तिच्या आधाराने, त्याच्या कलाने उठू द्यायचं. एका दुपारचं शिक्षण आहे हे, साहेब. आईच्या दंडावर बोटांचे वळ अजून निळे आहेत. हाडाबद्दल ती बोलत नाही. "सगळ्यांनी बघितलं गो," एवढंच.

त्या मुलीवर माझा राग नाही. रात्रभर वीसेक जणांमागे ती एकटी. राग आहे तो मागे एक आजोबा पडले तेव्हा "तपासणी लावतो" म्हणून चहा पिऊन गेलेल्या साहेबांवर. कोकणातले किती आश्रम यंदा तपासले? मी म्हणते, दहातला एकही नाही. खोटं असेल तर आकडा छापा.

ज्येष्ठांचा कायदा 2007 चा. त्याच्या कलम 19 मध्ये जिल्ह्यात निदान एक, 150 निराधारांना पुरेल असा सरकारी वृद्धाश्रम लिहिलाय. तो दाखवा, मी आईला रिक्षात घालून आणते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या, त्याचं कौतुक भाषणांत फार. अहो, पुरुष मुंबईला गेलेत! मागे राहिल्या त्या म्हाताऱ्या, कुलूपबंद घरांच्या राखणदार. चिपीला विमान उतरवलंत, महामार्गाच्या तारखा तर दर गणपतीला नव्या मिळतात. कोकणी माणूस दिसतो तो मतदानाला आणि आंब्याच्या पेटीला.

कर्मचाऱ्यांना उचलायचं शिक्षण सक्तीचं करा, रात्रीला दोन माणसं ठेवायला लावा, प्रत्येक पडण्याची नोंद नातेवाइकांना त्याच दिवशी कळवायला लावा. आणि उत्तर "योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित" असं पाठवू नका. तसलं एक माझ्याकडे आधीच आहे.

आपली,
राजापूर तालुक्यातली एक लेक