पाठ फिरवलीत, त्याबद्दल आभार

दादा,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण तुम्ही आमचा कॉम्प्युटर नीट करायला आलात, त्या दिवसाचं हे लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ११ चढेना, म्हणून नवा घेतला. त्यावर खाती तीन: माझं, लेकीचं आणि सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं. तुमच्याआधी ज्या दुकानात गेलो, तिथल्या पोरानं चारचौघांत विचारलं, "आजोबा, पासवर्ड काय?" आप्पांनी हळूच सांगितला. त्यानं तो चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवला. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचला असेल. त्यात सासूबाईंचं माहेरचं नाव होतं.

वर "जुन्यातला सगळा डाटा नव्यात घेतलाय" म्हणे! घेतलं काय, तर तिघांचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, एकाच फोल्डरात कोंबून. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममधल्या मेल लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात तशाच राहिल्या. आप्पांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या आठवणी श्रीलिपीच्या मराठी फॉन्टात टाइप केल्यात, त्या उघडल्या तर नुसती चिन्हांची खिचडी. "फाइलच खराब आहे, काका." खराब कसली, फॉन्ट टाकला नव्हता! तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. नशीब, जुनी हार्डडिस्क मी भांडून परत आणली होती.

पण आभार त्याचे नाहीत. "आप्पा, नवा पासवर्ड तुम्हीच टाका," म्हणालात आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसलात. आप्पा एका बोटानं टाइप करतात. दोनदा चुकले. पाच मिनिटं तरी गेली असतील. तुम्ही वळला नाहीत, "झालं का?" विचारलं नाहीत, मोबाईलसुद्धा काढला नाहीत.

७९ वर्षांच्या माणसाचं घरात स्वतःचं असं काय उरतं हो? गोळ्यांचा डबा मी भरते, पेन्शनचं पासबुक मुलाकडे, फोन नातीच्या हातात. हे एक खातं तेवढं त्यांचं. तेही आम्ही न विचारता कितीदा उघडलंय, हे तुम्हाला पाठमोरं बसलेलं बघताना आठवलं. दुकानदाराला नावं ठेवताना जीभ जरा अडखळलीच माझी.

तुम्ही गेल्यावर आप्पा म्हणाले, "पोरगं चांगल्या घरचं दिसतंय." त्यांच्या तोंडून हे सहसा निघत नाही.

परवा त्यांनी पासवर्ड पुन्हा बदलला. आम्हाला सांगितलेला नाही.

तुमची,
राजारामपुरीतल्या आप्पांची सून