नाईट ड्युटीच्या सिस्टरांना, बेड नंबर 6 कडून

सिस्टर,

हे पत्र खरंतर 12 मे ला, नर्सेस डे ला लिहायचं होतं. पण तेव्हा माझी बोटं मोबाईलवर चालत नव्हती, एक ओळ टाईप करायला दहा मिनिटं लागायची, आणि मुलीला सांगून लिहून घ्यावं तर यातल्या काही गोष्टी तिच्यासमोर बोलवत नव्हत्या. आता जमतंय. चुका असतील पण माझं अर्धवट लिहिलेलं वाचायची तुम्हाला सवय आहेच.

तुमचं नाव इथे टाकत नाही, विचारलेलं नाही म्हणून. नाव मात्र पक्कं पाठ आहे कारण रोज रात्री आठला तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर येऊन ते सांगायचात, "ताई, मी अमुक, आज सकाळपर्यंत मीच आहे, आज बुधवार, बाहेर थंडी आहे." बाकी सगळे मागून नाहीतर पायाशी उभं राहून बोलायचे, आणि माझी तर मान वळत नव्हती.

जानेवारी 2025 मधलं जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार, पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. सिंहगड रोड, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव, आमचाच पट्टा. दोनशेच्या वर संशयित पेशंट झाले. आधी जुलाब, आठवड्याभराने पायाला मुंग्या, मग जिना चढवेना, मग ग्लास उचलेना, आणि चौथ्या दिवशी श्वास. कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो, त्याच्याशी लढायला शरीर जे तयार करतं तेच उलटून आपल्या नसांवर जातं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मी पूर्ण जागी आहे, सगळं ऐकू येतंय, तोंडात नळी आहे आणि पापणीसुद्धा धड मिटत नाहीये.

मी विमा एजंट आहे. वीस वर्षं बोलून पोट भरलंय. आणि माझं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य कुठलं तर "तुम्ही अजिबात काळजी करू नका". क्लायंटने अवघड प्रश्न विचारला की हेच. तर आयसीयूत पहिले दोन दिवस मला प्रत्येकाने तेच वाक्य ऐकवलं, मिस्टरांनी, दिरांनी, राऊंडच्या डॉक्टरांनी, झाडू मारणाऱ्या मावशींनी पण, आणि पहिल्यांदा समजलं की हे ऐकणाऱ्याला कसं लागतं. म्हणजे तुझी भीती आम्हाला ऐकायची नाही, विषय संपव. सांगणाऱ्यालाच बरं वाटतं त्याने. एका नातेवाईकाने तर उशाशी उभं राहून इंजेक्शनच्या बाटल्यांचा हिशोब केला फोनवर, पाच दिवसांचे इतके, मी जणू कपाट.

तुम्ही ते वाक्य एकदाही बोलला नाहीत. मी वाट बघत होते की आता म्हणतील, आता म्हणतील.

सक्शनचं सांगते. पाईपमधून कफ ओढून काढतात ना, तेव्हा जीव जातोय असंच वाटतं. दिवसा कुणीतरी यायचं, खस्सकन पाईप घालायचं, झालं. तुम्ही आधी सांगायचात, "ताई, आता गुदमरल्यासारखं होईल, दहापर्यंत मोजते, दहाला बाहेर." आणि मोठ्याने मोजायचात. त्रास तेवढाच व्हायचा हो, पण दहाला संपणार हे माहिती असायचं. एकदा नवाला काढलात तर मला उगाच बोनस मिळाल्यासारखं झालं.

मग ते बोर्ड. ग्लोव्हजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मार्करने क ख ग घ ची ओळ, च छ ज झ ची ओळ, तशी सगळी. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. आधी ओळ विचारायची, मग अक्षर. काना मात्रा वेलांटी काही नाही, तेवढा वेळच नव्हता. आणि गंमत म्हणजे मराठीत काना मात्रा काढून टाकल्या की काय काय होतं! माझी पाठ इतकी दुखत होती की खालची चादर काट्यांची वाटायची, मी प आणि ठ दाखवलं, तर तुम्ही विचारलंत, "पीठ?" मी जोरात खाली बघितलं. मग तुम्हीच हसलात, "अहो मी पण ना, पाठ!" आणि मी आतल्या आत हसले, चेहरा हलत नव्हता तरी तुम्हाला कळलं. नळीसाठी ळ शोधत होते तर बोर्डावर ळ च नव्हता. न ल, न ल करत बसले, तुम्ही नील, नाल, नूल असं काहीही म्हणत होतात, नूल म्हणजे काय देव जाणे. मग ट्यूब पेटली आणि तुम्ही कोपऱ्यात, ह च्या खाली, छोटासा ळ कोंबलात.

पण रात्री तेही बंद. पापण्या मिटत नव्हत्या, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून ड्रॉप घालून डोळ्यांना टेप लावावीच लागायची, आणि डोळे म्हणजे तर माझं तोंड. पहिल्या रात्री दुसऱ्या कुणीतरी न सांगता टेप लावली तेव्हा मला वाटलं मला पुरलं. तुम्ही लावण्याआधी थांबलात. "टेप लावली की तुम्ही बोलू शकणार नाही, बरोबर ना?" मी वर. "दर तासाला बीपी बघायला येते तेव्हा एक डोळा उघडून विचारीन. झोप लागली असेल तरी?" मी वर, वर, वर. आणि आलात हो. एकदाच उशीर झाला, शेजारच्या बेडवर धावपळ चालली होती, ऐकू येत होती, तरी टेप काढल्यावर पहिलं वाक्य "सॉरी ताई, वीस मिनिटं उशीर". वीस मिनिटांचा सॉरी आयसीयूत कोण म्हणतं?

आता ती रात्र. सातवी की आठवी, मला नीट आठवत नाही. मी म, र, ण दाखवलं.

तुम्ही बोर्ड खाली ठेवलंत. मला वाटलं आता येणार, वेडंवाकडं बोलू नका, देवाचं नाव घ्या वगैरे. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "तुम्हाला विचारायचंय की तुम्ही यात मरणार का?" वर. "खूप पेशंट यातून बरे होऊन घरी जातात, वेळ लागतो. तुमचं नक्की काय होईल हे मी सांगू शकत नाही, डॉक्टर पण आज नाही सांगू शकणार. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?" आणि परत बोर्ड उचललंत.

म, ल. मला, मूल, माल, मुलगी? वर. मग द, ह, व. "दहावीला आहे?"

त्यानंतर मी रडले, म्हणजे पाणी वाहत होतं नुसतं, आणि तुम्ही रडू नका असंही म्हणाला नाहीत, फक्त कानात जात होतं ते कापसाने टिपत राहिलात. सकाळी ड्युटी संपल्यावर खाली जाऊन मिस्टरांना गाठलंत. 21 फेब्रुवारीला बोर्डाची परीक्षा, पोरगी कुणाशी बोलत नाहीये हे त्यांच्याकडून काढून घेतलंत आणि सांगितलंत की तिला तिचा अभ्यास मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला लावा. त्या दिवसापासून रोज रात्री माझ्या कानाशी इतिहासाचे धडे. मध्येच ती चुकायची, "अरे यार" म्हणायची आणि परत वाचायची, तेच मला सगळ्यात आवडायचं. मिस्टरांना पण तुम्हीच शिकवलंत, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि डोळ्यांकडे बघून थांबा. लग्नाला अठरा वर्षं झाली, प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेला हा माणूस मी तिथे पहिल्यांदा बघितला.

नंतर गळ्याला भोक पाडून नळी तिथे टाकली, महिन्याभराने त्यावर बोलता यावं म्हणून झडप बसवली आणि घोगरा का होईना आवाज आला, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं हे सगळं तुम्ही मनाने करता का. तुम्ही म्हणालात, "नाही हो, शिकवतात आम्हाला, थेरप्युटिक कम्युनिकेशन, पेपरात येतं. खोटा दिलासा देऊ नका, शांत बसायला घाबरू नका, सगळं लिहिलेलं असतं. पण एकीला तीन-तीन बेड असले की कसलं कम्युनिकेशन." हे तुम्ही इतकं सरळ सांगितलंत म्हणून दिवसपाळीच्या बायकांवरचा माझा राग थोडा उतरला. सगळा नाही.

घरी आल्यावर वाचत बसले, दुसरं काय करणार. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 सालच्या नर्सिंगवरच्या पुस्तकात पेशंटला पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर अख्खं प्रकरण लिहिलंय. पेशंटला मान वळवावी लागणार नाही असं त्याच्या नजरेसमोर बसा, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे तुमचं ते स्टूल! पुढे 1952 मध्ये पेप्लाऊ नावाच्या अमेरिकन नर्सबाईंनी तर मांडलं की नर्स आणि पेशंटमधलं नातं हा नर्सिंगचा गाभाच आहे. आणि इकडे आमचे दीर बिल बघून म्हणतात, नर्सिंग चार्जेस कसले लावलेत एवढे. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

आता वॉकर घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जाते. पावलं अजून बधिर आहेत, चप्पल निसटली तर कळत नाही. मुलगी पास झाली, इतिहासात सगळ्यात जास्त मार्क. कामही सुरू केलंय फोनवरून, पण "काळजी करू नका" तोंडाशी आलं की जीभ अडते. परवा एका क्लायंटला विचारलं, "तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटतेय?" तर तो चाळीस मिनिटं बोलला आणि पॉलिसी घेतली नाही. तुमच्यामुळे धंदा बसणार बहुतेक.

मागच्या महिन्यात चेकअपला आले तेव्हा वर येऊन गेले, तुमची सुट्टी होती. ते पुठ्ठ्याचं बोर्ड माझ्या सामानात घरी आलंय. ठेवून घ्यावंसं वाटतं, पण नवीन पेशंटला लागणार असेल तर निरोप द्या, मिस्टर आणून देतील. नवीन बनवलंत तर ळ विसरू नका.

तुमची,
बेड नंबर 6