पिस्तूल घेण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र सावकाश, पुन्हा पुन्हा वाचलं. टेक्सासमध्ये शेजारीपाजारी सगळ्यांकडे बंदुका आहेत, तेव्हा आपल्याही घरात एक पिस्तूल असावं असं तुला वाटू लागलंय. पोलीस पोहोचायला वेळ लागतो, ही भीती खोटी नाही. असं वाटणाऱ्यांना सरसकट माथेफिरू म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

हक्काचं तू म्हणतोस ते खरं आहे. अमेरिकेच्या संविधानात शस्त्रं बाळगण्याचा हक्क देणाऱ्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवरून किती रणं माजली, पण २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क अमर्याद नाही, हेही न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच निकालात लिहिलंय. ते मात्र सोयीस्करपणे गाळलं जातं. २०१२ साली सँडी हूकच्या शाळेत झालेल्या गोळीबारात २० चिमुकली मुलं मारली गेली. त्यानंतर बंदूक घेणाऱ्याची तपासणी वाढवणारा प्रस्ताव आला. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ५४ जण बाजूने होते, तरी ६० मतं हवी म्हणून तो पडला. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पण तुला लिहायचंय ते वेगळंच. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक! बंदुकीच्या बाजूचे आणि विरोधातले घसा ताणून भांडतात ते बाहेरून येणाऱ्या मारेकऱ्यावरून, आणि या माणसांचं नावही निघत नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तिघांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच जीव दिला. दुकानदार हादरला. पुढे बंदूक विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्यातली मंडळी एकत्र बसली. गिऱ्हाईक सफाई-देखभालीचं काहीच विचारत नसेल तर सावध व्हा, अशा सूचना त्यांनी दुकानदारांसाठी तयार केल्या. घरातलं कुणी खचलं असेल तर बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवा, असंही सांगितलं. कुणाचा हक्क हिरावला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. या सगळ्या वादात मला मनापासून पटलेलं काम कुठलं असेल तर हेच. ती टोकाची घटका टळली की बहुतेक माणसं जगतात रे, आणि बंदूक हाताशी असली की सहसा दुसरी संधी मिळत नाही.

कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावरही बंदूक हातात यायला १० दिवस थांबावं लागतं. टेक्सासमध्ये असा नियम नाही, म्हणून तू स्वतःच थांब. तुमचा अर्णव सोळाचा झालाय, आणि गेलं वर्ष त्याला जड गेलं हे तूच मला कळवलं होतंस. वहिनींशी मोकळेपणाने बोल. त्यांना नको असेल तर विषय तिथेच सोड. आणि घ्यायचंच ठरलं, तर पिस्तूल तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेव. तिजोरीचा आकडा अर्णवला कळणार नाही याची काय व्यवस्था करणार आहेस, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
विनय