बॉम जेझूचा चिरा उघडा ठेवण्यात भूषण कसले?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतल्या जुन्या गोव्यावरील लेखात बॉम जेझू बासिलिकेच्या 'मूळ लालसर भिंतीं'चे भरभरून कौतुक आहे. त्या भिंती मुळात तशा नव्हत्याच. १५९४ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १६०५ मध्ये अर्पण झालेल्या, जांभ्याच्या चिऱ्यांनी (म्हणजे लालसर, सच्छिद्र दगडाच्या ठोकळ्यांनी) बांधलेल्या या चर्चला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो उतरवला. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रलही जांभ्याचेच. त्याच्या अंगावर आजही चुना आहे.

जांभा हा पावसात उघडा टाकायचा दगडच नव्हे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की टणकतो; पण त्याच्या भोकांत माती असते. पाणी आत शिरले की ती माती धुपते, भोके वाढत जातात आणि चिऱ्याची कड बोट फिरवले तरी भुगा होऊन पडते. त्यात दर्शनी भिंत पश्चिमेकडे, म्हणजे जून ते सप्टेंबर झड थेट अंगावर. चुन्याचा थर हा मार स्वतः खातो, दगडाला लागू देत नाही. झिजला की पुन्हा लावता येतो. झिजलेला चिरा पुन्हा कुठून आणणार?

मात्र गिलावा चढवायचा तर सिमेंटचा चालणार नाही. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. क्षार मागे साचतात आणि पापुद्रा सुटताना चिऱ्याचा पृष्ठभागही घेऊन येतो. नीट भिजवून मुरवलेला चुना, धुतलेली वाळू साधारण एकास तीन, सांध्यांतली माती व शेवाळ काढून भिंत ओली करायची, मग पातळ थर. पहिला धरल्याशिवाय दुसरा नको आणि थर एकदम वाळू द्यायचा नाही, नाहीतर भेगा पडतात. हे काम पाऊस संपल्यावरच हाती घ्यावे, म्हणजे पुढच्या पावसाआधी चुन्याला घट्ट व्हायला वेळ मिळतो. एकदा करून विसरण्यासारखे नाही. चुन्याचा हात अधूनमधून द्यावाच लागतो.

आणखी एक. दर्शनी भागातल्या नक्षीच्या छायाचित्राखाली 'काळवंडलेला दगड' असे छापले आहे. तो काळवंडलेला नाही, वसईहून आणलेला काळा बेसाल्ट आहे. कोरीव काम त्यात टिकते म्हणून तो मुद्दाम आणला होता. दोन्ही दुरुस्त्या उद्याच्या अंकात छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा