महापालिका निवडणूक : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

मतदार यादीत आपले नाव कोणत्या प्रभागात आहे ते आजच पाहा. ही यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे ऐनवेळी नाव घालता येत नाही. मग केंद्रावर वाद घालून उपयोग नसतो.

मुंबई वगळता महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत. जितक्या जागा, तितकी मते. एकच बटण दाबून बाहेर पडू नका. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे. मोबाइल घरी ठेवा.

कोणी उभे राहणार असेल तर वय किमान 21 हवे. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवारी बाद होते. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो.

प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर ते वाटू नये. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद. सोसायटीच्या भिंतीवर, गेटवर फलक नको, आणि या ग्रुपवर प्रचार नको, पक्ष कोणताही असो. सणाच्या शुभेच्छांआडून उमेदवाराचा फोटो टाकणे हाही प्रचारच. तो काढला जाईल.

– सचिव