सही नाही म्हणजे मोकळे रान नव्हे

संपादक महोदय,

‘सोव्हिएत रशियाने युद्धकैद्यांच्या १९२९च्या जिनिव्हा करारावर सहीच केली नव्हती, मग दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तो का पाळावा?’ हा प्रश्न इतिहासाच्या गप्पांत हमखास निघतो. केवळ कलमावर बोट ठेवायचे, तर ८२ वे कलम करार मानणाऱ्या देशांनाच परस्परांशी बांधते, हे खरे. पण जखमी व आजारी सैनिकांचा १९२९चाच दुसरा करार दोन्ही देशांना मान्य होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

शिवाय ही पळवाट खुद्द जर्मन लष्करातही सर्वांनीच खपवून घेतली नव्हती. हेरखात्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल कॅनारिस यांनी सप्टेंबर १९४१मध्ये लेखी हरकत घेतली : करार लागू नसला तरी कैद ही सूड किंवा शिक्षा नव्हे, निःशस्त्राला मारणे लष्करी परंपरेत बसत नाही. जर्मन सैन्यदलांच्या सर्वोच्च मुख्यालयाचे प्रमुख फील्ड मार्शल कायटेल यांनी त्याच कागदावर शेरा मारला, की या शंका वीरधर्माने लढायच्या युद्धाच्या कल्पनेतून आल्या आहेत; इथे तर एका विचारसरणीचाच नायनाट करायचा आहे, असे त्यांचे म्हणणे. (नशीब, शेरा लेखी होता!) युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात न्यायाधीशांनी कॅनारिस यांचेच म्हणणे कायद्याला धरून असल्याचे म्हटले. तोवर सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी अंदाजे ३३ लाख उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळ्यांनी संपले होते.

१९४९च्या जिनिव्हा करारात करारबाह्य देशाने नियम स्वीकारून पाळले तर समोरचाही बांधील, अशी तरतूद आली ती या अनुभवानंतरच.

– एक वाचक, सातारा